राजापार्ट, खलपार्ट आणि सर्व्हरवरचा मामा

दशावतारी नाटकात कुणाच्याही हातात लिहिलेले संवाद नसतात. संध्याकाळी कंपनी देवळाच्या आवारात उतरते, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कथेचा धागा एकदा बोलून घेतला जातो आणि प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवायला बसतो. मंचावर एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. एवढ्या भांडवलावर पहाटे दहीकाला होईपर्यंत राजा राजासारखा आणि राक्षस राक्षसासारखा बोलत राहतो. कुणी अडखळलाच तर सूत्रधार पद उचलतो, तेवढ्यात नटाला श्वास मिळतो.

माझे बाबा खलपार्ट करायचे. कंपनीत पोटासाठी नव्हे, हौसेने. परळच्या गिरणीत ते साचाखात्यात होते आणि गावच्या मंडळींचं हौशी मंडळ होतं, त्यात दुर्योधन, कंस, रावण अशा भूमिका त्यांच्याकडे ठरलेल्या. ठरलेल्या म्हणजे अगदी ठरलेल्या. एखाद्या वर्षी त्यांना नारद करावासा वाटला तरी कुणी करू दिला नसता, कारण पहिल्या रांगेतली माणसं त्यांना ‘दुर्योधन’ म्हणूनच हाक मारायची. हा लेख त्या ठरलेपणाबद्दल आहे. सध्या घराघरांतली पोरं संगणकावर ‘रोलप्ले’ खेळतात, तिथे सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच: एक माणूस घडवायचा आणि मग तो सोडायचा नाही.

आम्ही काल्हेरला राहतो. ठाण्याहून बाळकुम मागे पडलं की कशेळीचा पूल, खाली उल्हासची खाडी, पुढे कशेळी आणि लगेच काल्हेर. तसंच पुढे गेलं की पूर्णा, अंजुरफाटा, भिवंडी. मूळ गाव आगऱ्यांचं, भातशेतीचं. मुंबईची जकात टाळायची तर माल वेशीबाहेर ठेवायला हवा, म्हणून या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट ऑनलाइन खरेदीने ती आणखी वाढली. मी त्यांतल्याच एका गोदामात सुपरवायझर आहे. रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रोचे खांब गेलेत आणि शेतांच्या जागी टॉवर आलेत. त्या टॉवरांत लालबाग-परळ सोडून आलेली कोकणी कुटुंबं बरीच आहेत. त्यांतलं एक आमचं.

आमचा इकडे येण्याचा रस्ता संपातून जातो. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि बहुतेकांसाठी तो कधी संपलाच नाही. कापड विणणं मात्र थांबलं नाही, ते भिवंडीच्या यंत्रमागांवर सरकलं. बाबाही सरकले. गिरणीतला साचेवाला भिवंडीत लूमवर उभा राहिला. पगार कमी झाला, पाळी लांबली, आणि मंडळ मोडलं. कामगारांच्या नाटकाला रात्रपाळीसाठी बदली माणूस मिळावा लागतो, हे आज कुणाला सांगून पटत नाही. परळच्या दामोदर हॉलमध्ये, जो 1922 पासून गिरणगावाच्या नाटकांना आणि कोकणच्या नमन-दशावतारांना जागा देत होता, बाबा नंतर प्रेक्षक म्हणून जात राहिले. 2023 च्या अखेरीला तोही पुनर्विकासासाठी बंद झाला.

दशावतार कोकणात कधी आला यावर दोन मतं आहेत. नेहमी सांगितलं जातं ते असं की 1728 च्या सुमारास श्यामजी नाईक काळे यांनी तो कर्नाटकातून राजापूरकडे आणला. पण समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यात पुरुषांनीच केलेल्या बायकांच्या सोंगांचा उल्लेख आहे, आणि समर्थ 1728 च्या कितीतरी आधी गेले. म्हणजे खेळ जुनाच, काळ्यांनी त्याला फार तर घडी घालून दिली असणार. माझं मत दासबोधाच्या बाजूने.

रात्रीचे दोन भाग. पहिला आडदशावतार: गणपती, ऋद्धिसिद्धी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद चोरणारा संकासूर आणि त्याला मारणारा विष्णू. संकासूर काळ्या कपड्यात, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. देव शुद्ध बोलतात, हा मालवणीत. गावच्या सरपंचाची टिंगल करण्याची मोकळीक त्याला. दुसऱ्या भागात आख्यान, आणि तिथे नटांची वाटणी पक्की: राजापार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट. बाबी कलिंगणांचे चिरंजीव सुधीर कलिंगण यांना लोक ‘लोकराजा’ म्हणत, ते राजापार्टामुळे. ओमप्रकाश चव्हाणांचं नाव निघालं की स्त्रीपार्टच आठवतो. एका माणसाने एकच पार्ट आयुष्यभर केला की त्याचा आवाज, चाल, रागाची पद्धत, हसण्याआधीची घटका हे सगळं प्रेक्षकांना पाठ होतं. मग त्याला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. संहिता नसताना नाटक उभं राहतं ते यावर.

मराठी रंगभूमीची सुरुवात म्हणून आपण 5 नोव्हेंबर 1843 चं ‘सीतास्वयंवर’ मानतो. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ते केलं तेव्हाही पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं बोलायची ती आपल्या मनाने. पुढे छापील नाटकं आली, संवाद पाठ करणं आलं, आणि मनाने बोलणारा नट मागासलेला ठरला. शहरी नाटकाने जे टाकलं ते जत्रांनी सांभाळलं.

आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरात गेलेल्या जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा होतो. होळीनंतर, चैत्र-वैशाखात, रात्री-रात्री गणपतीपासून रावण, बकासुर, वाघोबापर्यंतची सोंगं संबळाच्या तालावर नाचत येतात. तिथे मुखवटा घराण्यात असतो. ज्या घरात रावण आहे त्या घरातला माणूसच रावण नाचवणार, बाप थकला की मुलगा. दशावतारात पार्ट माणसाला चिकटतो, बोहाड्यात घराला. दोन्हीकडे गंमत तीच: उद्या मला कंटाळा आला म्हणून रावण मेला, असं होत नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट एका चुकलेल्या खेळातून निघाली. 1969 मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने नेपोलियनच्या काळातल्या एका प्रशियन गावावर युद्धखेळ मांडला, ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा. नेहमीप्रमाणे पलटणी वाटण्याऐवजी त्याने गड्यांना माणसं वाटली: कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलपती. युद्ध राहिलं बाजूला. सगळे कोपऱ्याकोपऱ्यांत एकमेकांशी कुजबुजू लागले, सौदे करू लागले, द्वंद्वाची आव्हानं देऊ लागले. वेस्लीला वाटलं खेळ फसला. गड्यांनी पुन्हा मांडायला सांगितला. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ सुरू केलं आणि त्यात गेल्या खेपेचा माणूस पुढच्या खेपेला तोच राहू लागला, जखमांसकट आणि उधारीसकट. त्यातून आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 ला आला. पहिली छपाई हजार प्रतींची.

संगणकावर हे 1978 ला चढलं. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. चित्र नाही, नुसता मजकूर: तुम्ही अरुंद वाटेवर उभे आहात, पूर्वेला झाडी आहे, असं. एकाच वेळी अनेक जण त्या जगात. लढाईत मेलात तर तुमचं पात्र कायमचं पुसलं जायचं. माणसं जपून खेळत ती त्यामुळे. पुढे 1997 चा ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि 2004 चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले, गर्दी लाखांवर गेली आणि ती जपणूक पातळ झाली. वॉरक्राफ्टला रोलप्लेसाठी वेगळे सर्व्हर ठेवावे लागले, तिथे नावं कशी ठेवायची याचेही नियम होते. बाकीच्यांना पातळी वाढवायची होती, माणूस नव्हे.

आपल्याकडे हे आलं ते बरंच उशिरा, आणि आलं ते गाड्या पळवण्याच्या खेळातून. ‘जीटीए फाइव्ह’ 2013 चा. फाइव्हएम नावाच्या जोडणीतून त्याचं शहर घेऊन लोक आपला सर्व्हर काढतात आणि तिथे पोलीस, डॉक्टर, मेकॅनिक, गुंड होऊन राहतात. गोळीबार करता येतो, पण दिवसभर गॅरेज चालवणारेही असतात. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत, एपिकच्या दुकानात हा खेळ आठवडाभर फुकट मिळत होता. जिओमुळे डेटा स्वस्त होऊन चार वर्षं होत आली होती. सप्टेंबरात पबजी मोबाइलवर बंदी आली आणि पबजी खेळून दाखवणारे यूट्यूबवाले नव्या खेळाच्या शोधात निघाले, त्यांतले पुष्कळ इथे उतरले. त्यांच्यामागून आमच्या बिल्डिंगमधली पोरं. आमच्या घरी टॅलीच्या कामासाठी घेतलेला संगणक होता, त्यात मुलाने स्वतःच्या खाऊच्या पैशातून ग्राफिक्स कार्ड बसवलं.

हेडफोन लावून तो काय बोलतो हे मी बाहेरच्या खोलीतून ऐकत असे. पहिला त्याने केला तो डॉन. सगळ्यांचा पहिला डॉनच असतो. सर्व्हरवर घेण्याआधी अर्ज भरावा लागतो, त्याला व्हाइटलिस्ट म्हणतात, आणि अर्जात पात्राची पूर्वकथा मागतात. याने दोन पानं लिहिली होती: आईबाप मारले गेले, अनाथाश्रम, सूड. मी वाचली, वाईट नव्हती. फक्त सर्व्हरवरच्या अर्ध्या लोकांची तीच होती. डॉन आठवड्याभरात संपला. मग पोलीस झाला, मग डॉक्टर. बाबांना दिसतं कमी, पण ऐकू स्वच्छ येतं.

“काल तू डॉक्टर होतस मा? आज पोलीस कसो झालस?”

“आजोबा, गेम आहे तो. दुसरं कॅरेक्टर काढलंय.”

“आणि फाल्या कोण? मगे लोकांनी तुका वळखूचा कसा?”

पोराने तेव्हा मान उडवली. पण सर्व्हर चालवणाऱ्यांनाही नेमकी हीच अडचण छळत होती, आणि त्यांनी तिच्यावर काढलेले तोडगे बघितले की जत्रेतल्या मंडळींची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एका गड्याला एक किंवा दोनच पात्रं. जुनं मारायचं असेल तर ‘कॅरेक्टर किल’ची परवानगी घ्या आणि मग ते पुन्हा जिवंत होणार नाही. एसेक्सचा जुना नियम फिरून परत आला तो असा. ‘फिअर आरपी’: डोक्याला बंदूक लावली असेल तर घाबरा, शौर्य गाजवू नका. ‘पॉवरगेमिंग’ बंद: समोरच्याला उत्तर देण्याची जागा ठेवा, त्याचं काय झालं ते तुम्हीच परस्पर ठरवू नका. आणि सर्वांत मोठा गुन्हा ‘मेटागेमिंग’: तुम्ही दुसऱ्याचं थेट प्रक्षेपण बघून त्याचा अड्डा ओळखलात तरी तुमच्या पात्राला तो ठाऊक नसतो.

हा शेवटचा नियम मी बाबांना समजावून सांगितला तेव्हा ते हसले. भारतातल्या प्रत्येक पोराला दुर्योधनाचं काय होणार ते माहीत असतं. दुर्योधन करणाऱ्या नटालाही माहीत असतं, काल रात्री दुसऱ्या गावात तो मांडी फुटून मेलेला असतो. तरी आज द्यूताच्या वेळी त्याने जिंकल्याच्या मस्तीतच बसायचं. एकदा म्हणे त्यांचा रावण सीतेपुढे हळवा झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. नंतर मंडळातल्या जुन्या माणसाने जवळ घेऊन सांगितलेलं वाक्य ते अजून सांगतात: “रावणान रडूचा नाय असा काय नाय. पण रडूचा ता रावणासारख्या.”

नवं पात्र करणाऱ्याला याहून चांगला धडा मी कुठे ऐकलेला नाही. पात्र पक्कं असणं म्हणजे ते एकसुरी असणं असा पोरांचा समज होतो आणि मग कंटाळून ती ते सोडतात. गुंड कायम गुरकावतो, डॉक्टर कायम घाईत. प्रत्यक्षात गुंडाने आजारी पडावं, डॉक्टरने उधारी बुडवावी, फक्त ज्याच्या त्याच्या रीतीने.

मुलाचं शेवटी जमलं ते आमच्या रस्त्यामुळे. त्याने एक ट्रकवाला काढला. पूर्वकथा दोन ओळींची. चाळीसच्या वर गाडी नेत नाही आणि पोचपावतीवर सही घेतल्याशिवाय माल सोडत नाही, एवढंच. बिल्टी, काट्याची चिठ्ठी, हॉल्टिंगचे पैसे, गेटवर वॉचमनशी हुज्जत, हमाल जेवायला गेले म्हणून तासभर खोळंबलेली गाडी, हे त्याने लहानपणापासून माझ्या तोंडून आणि गोदामाच्या दारात ऐकलेलं. शोधून आणावं लागलं नाही. एका रात्री टोळीने त्याचा ट्रक अडवला, चारी बाजूंनी बंदुका. नियमाप्रमाणे तो घाबरला, आवाज थरथरला, हात वर केले आणि त्याच थरथरत्या आवाजात म्हणाला, “घ्या साहेब, सगळं घ्या, फक्त इथे सही करा, नाहीतर शेठ माझ्याकडून कापेल.” म्होरक्या क्षणभर गप्प झाला, मग त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर जो भेटेल तो त्याला ‘मामा’ म्हणू लागला. अर्जात नाव वेगळं होतं, ते आता त्यालाही आठवत नसेल.

पात्र खेळणारा घडवतो हा समज मी या एका सहीवर मोडीत काढायला तयार आहे. खेळणारा दोन खुंट्या ठोकतो, बाकीचं समोरचे लोक त्यावर टांगत जातात. मामाला दमा आहे हे एका डॉक्टर मुलीने ठरवलं. त्याला एक भाऊ आहे हे एका पोलिसाने उगाच विचारल्यावर पक्कं झालं. असं दहा जणांनी काही ना काही टांगलं की मग सोडणं जड जातं, कारण ते तुमचं एकट्याचं राहत नाही. दुर्योधन म्हणून हाक मारणाऱ्या पहिल्या रांगेने बाबांना जसं बांधून ठेवलं तसंच. एकटा खेळून किंवा रोज नव्या सर्व्हरवर उड्या मारून पात्र टिकवता येत नाही, मग पूर्वकथा कितीही पानांची लिहा.

बहुरूप्याचं उदाहरण इथे कुणी देईल. आमच्या गोदामांच्या गेटावरही कधीमधी फौजदाराच्या वेषातला रायरंद येतो, खोटा खटला भरतो, हसवतो, दहा-वीस रुपये घेऊन जातो. कला मोठी, पण तिची जात वेगळी. त्याला ओळखलं जाण्यातच त्याची कमाई असते आणि पुढच्या गेटावर त्याला काल काय बोललो ते लक्षात ठेवावं लागत नाही. सर्व्हरवर ठेवावं लागतं. मुलाने त्यासाठी वही केली आहे: मामाने कुणाला काय कबूल केलं, कुणाचं भाडं बाकी, कुणाशी भांडण. दशावतारी नटाला वही लागत नाही, त्याचं आख्यान रोज नव्याने सुरू होतं. हा एक फरक मात्र खरा आहे आणि ऑनलाइन खेळणाऱ्याचं काम त्यामुळे अधिक कठीण आहे, हे मी बाबांसमोरही कबूल करतो.

दुसरा फरक जास्त बोचतो. सर्व्हर बंद पडतात. चालवणाऱ्यांचे पैसे संपतात, आपसात भांडणं होतात, आणि एका सकाळी गाव, पोलीस ठाणं, गॅरेज, माणसं सगळं जातं. मामा ज्या सर्व्हरवर जन्मला तो असाच गेला. बरोबरची काही मंडळी दुसऱ्या सर्व्हरवर गेली, तिथे मुलाने मामाच पुन्हा काढला, दम्यासकट, आणि ओळखणाऱ्यांनी ओळखला.

दशावताराचं जुनं बोलणंही लिहिलं गेलं नाही. आमच्या मंडळाचे दुर्योधन-भीमाचे सवाल-जबाब आता फक्त बाबांच्या डोक्यात आहेत आणि तेही तुकड्यांनी. 2025 मध्ये ‘दशावतार’ सिनेमा आला, दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा नट केला, तेव्हा आमच्या टॉवरमधले लोक बाबांना भेटायला आले, त्यांच्या भूमिकांबद्दल विचारलं, आणि दाखवायला आमच्याकडे एक धुरकट फोटो निघाला. पोरांच्या बाबतीत तरी हे टाळता येण्यासारखं आहे, त्यांचं तर सगळं रेकॉर्ड होतं आणि जागा भरली म्हणून पुसलं जातं. तेव्हा तुमच्या घरात कुणी रोलप्ले खेळत असेल तर त्याला एवढंच सांगा: चांगली निघालेली एखादी रात्र पुसू नकोस, तिच्यावर तारीख घाल, सर्व्हरचं नाव घाल आणि कुणी कोणता पार्ट केला ते लिहून ठेव.